आर-भाषेतील एक मूक प्रमाद

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला आर-भाषेत पहिली ठेच बहुधा ‘डीएफ’ या नावापाशी लागते. माहितीच्या तक्त्याला हे नाव देण्याचा प्रघात आहे. तक्ता वाचून घेण्याची ओळ चालवायची राहिली आणि त्यातील एखादा स्तंभ मागितला, म्हणजे ‘क्लोजर’ जातीच्या वस्तूचा अंश काढता येत नाही, अशी तक्रार संगणक करतो. ‘क्लोजर’ म्हणजे येथे फलन. एफ-वितरणाच्या घनता-फलनाचे नाव भाषेत आधीपासूनच ‘डीएफ’ असे आहे. तक्ता न सापडल्यामुळे तेच हाती आले. संदेश दुर्बोध खरा, परंतु काम तेथेच थांबते, हा त्याचा उपकारच होय.

याहून गंभीर दोष ‘एफ’ या एकाक्षरी नावात आहे. ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द आर-भाषेत आरक्षित आहेत. त्यांची ‘टी’ व ‘एफ’ ही लघुरूपे मात्र साधी चले असून त्यांना कोणतेही मूल्य देता येते. क्रमचय-कसोटी करणाऱ्या अभ्यासकाने मूळ निरीक्षणांवरून काढलेले एफ-मूल्य, समजा ४.२, ‘एफ’ याच नावाखाली ठेवले (दुसरे कोणते नाव त्याला सुचावे?) आणि पुढे निरीक्षणे पिसताना ‘पुनःस्थापन नको’ या अर्थी तेथे ‘एफ’ लिहिले, तर उलटाच परिणाम होतो. शून्येतर संख्या ‘खरी’ मानली जात असल्याने निवड पुनःस्थापनासहित होते. काही निरीक्षणे दोनदा येतात, काही गळतात. हाती येणारी संभाव्यता क्रमचय-कसोटीची नसतेच, आणि पडद्यावर तक्रारीचा एक शब्दही उमटत नाही. नव्या सत्रात निवडीची ती एकच ओळ चालवून पाहिली, तर ती निर्दोष ठरते. कारण ‘एफ’ तेथे पुन्हा मूळ अर्थाने वावरत असतो. पिसलेली निरीक्षणे चढत्या क्रमाने लावून मूळ यादीशी ताडली, तरच चोर सापडतो.

या प्रमादाचे खापर विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर फोडणे अन्यायाचे आहे. पायथॉन-भाषेतही ‘ट्रू’ व ‘फॉल्स’ यांना पूर्वी दुसरे मूल्य देता येई. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते शब्द आरक्षित झाले. आर-भाषेच्या प्रवर्तकांनाही धोका अज्ञात नाही: पॅकेजांच्या अधिकृत तपासणीत ही लघुरूपे हटकली जातात. प्रबंधासाठी लिहिलेली आज्ञावली मात्र त्या तपासणीतून जात नाही.