गव्हाणीतील खूण

बारामती हे पुराणश्रवणात वाढलेले गाव आहे. श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' १७१८ मध्ये येथेच पुरे झाले, आणि मोरोपंतांची आर्याही याच कऱ्हेच्या काठी बहरली. अशा गावच्या श्रोत्याला येशूजन्माची कथा सांगू लागावे, तो ती तो तत्काळ ओळखतो. दुष्ट राजा, बालकांची हत्या, रात्रीचे पलायन हे सारे त्याच्या परिचयाचे. हेरोद म्हणजे कंस आणि मिसर म्हणजे गोकुळ, असे म्हणून तो मोकळा होतो. नाताळ ही ख्रिस्ती लोकांची गोकुळाष्टमी होय, ही आमच्या सुशिक्षित घरांतील समजूत अशीच रूढ झाली आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे; आणि मराठी ख्रिस्ती काव्याची कसोटी या अपुरेपणापाशीच लागते, असे आम्हांस वाटते.

भागवतात देवकीपुढे प्रथम प्रकटतो तो शंखचक्रगदाधारी चतुर्भुज परमेश्वर. मातेच्या विनवणीनंतर तो प्राकृत बालक होतो. ओळख आधी पटते, बालपण मागाहून येते. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांस खूण सांगतो ती मात्र एवढीच की, वस्त्रात गुंडाळलेले एक मूल गव्हाणीत निजलेले आढळेल. आकाशात दूतांचा तेजोमय मेळा आहे, बालकापाशी काही नाही. ज्या गोष्टीने ईश्वरत्वाविषयी शंका यावी, तीच येथे खूण म्हणून दिली आहे! पुढेही हे मूल हेरोदाचा वध करीत नाही. हेरोद आपल्या मरणाने मरतो, आणि मूल मोठे होऊन स्वतःच वधस्तंभावर चढते. ख्रिस्ताने स्वतःस रिक्त केले, असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो ते यालाच अनुलक्षून. श्रेष्ठकनिष्ठतेचा वाद आम्हांस घालावयाचा नाही. दोन कथांचा जीव दोन ठिकाणी आहे, इतकेच.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, आणि १६१६ मध्ये त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची भूक भागावी, हा त्याचा हेतू. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. हा शब्द आम्हांस पुष्कळ दिवस खटकत असे. त्याच्यामागोमाग शेषशायी विष्णूचे वैभव येते आणि रिक्ततेच्या कथेला ते शोभत नाही, असा आमचा आक्षेप होता. ग्रंथ पुन्हा वाचताना तो आम्ही मागे घेतला. ज्या कानात वैकुंठाची उंची आधीच भरलेली आहे, त्यालाच गव्हाण किती खाली आहे ते कळते. नव्याने घडविलेल्या एखाद्या कोऱ्या शब्दाने हे साधले नसते. एक दोष मात्र उरतोच. पुराणकाराला मौन साधत नाही, आणि गव्हाणीपाशी तर बोलणे थांबावयास हवे.

रेव्हरंड टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या १९१९ मधील मृत्यूने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्यातील बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. पतीची प्रतिभा त्यांच्यापाशी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण साध्या बोलण्याजवळ राहणारी ओवी या विषयाला प्रतिभेहून अधिक मानवते.

गव्हाण हा शब्द आमच्या भागात आता गोठ्याइतकाच साखर कारखान्यातही ऐकू येतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, कोठेही जा, ऊस जिच्यातून गाळपास जातो ती गव्हाणच. हंगामाच्या आरंभी तिची पूजा करून तीत मोळी टाकतात. गव्हाण म्हणजे खाद्य घालण्याची जागा. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थ 'भाकरीचे घर', आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःस जीवनाची भाकर म्हणवितो. हे ध्यानी घेतले म्हणजे मरियेने मूल कोठे ठेविले याला केवळ दारिद्र्याहून वेगळा अर्थ येतो. नाताळात गळीत ऐन भरात असते. इंदापूरच्या वाटेवर फडांशेजारी तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या असतात, बाहेर बैल बांधलेले असतात, आणि गाव सोडून आलेली एखादी गर्भार बाई मोळ्या वाहत असते. योसेफ व मरियाही सरकारी नावनोंदणीसाठी अशीच गाव सोडून आली होती. लूकचा हा भाग वर्गात वाचताना शहरातील मुले आम्हांस गव्हाणीचा अर्थ विचारतात. या दोन तालुक्यांतील मुले विचारीत नाहीत.