'लाभार्थी' कोण?

सरकारी कचेऱ्यांतून निघालेला 'लाभार्थी' हा शब्द आता घरोघरी रुळला आहे. स्वस्त धान्य आणणारा लाभार्थी, घरकुल मिळालेला लाभार्थी, निराधार म्हणून दरमहा चार पैसे घेणारी म्हातारीही लाभार्थीच! शब्द भारदस्त आहे, कानाला गोडही लागतो; पण त्याची फोड केली की घास अडकतो. संस्कृतातला 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थ्याला विद्या हवी असते. ती मिळून चुकली की आपण त्याला विद्वान म्हणतो. (निदान म्हणावे अशी अपेक्षा असते.) मग ज्याच्या पिशवीत धान्य पडले, तो अजून 'अर्थी'च कसा? पोट भरल्यावरही हात पसरलेलाच ठेवायला लावणारा हा शब्द आहे.

आपल्या बोलीत घेणाऱ्यासाठी शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. 'घेणेकरी' पाहा. नुसता घेणारा तो घेणेकरी नव्हे; ज्याचे येणे बाकी आहे तो. तो दारात उभा राहिला की मान खाली जाते ती देणेकऱ्याची. भाऊबीजेला ओवाळणी घेणाऱ्या बहिणीला लाभार्थी म्हणून पाहा बरे! सुगीला खळ्यावर येणारा बलुतेदारही भीक मागत नसे. वर्षभराच्या कामाचे धान्य नेत असे. अर्थात वतनाच्या आणि हक्काच्या नावाखाली केवढी वेठ राबवून घेतली गेली, हे महार वतनाविरुद्ध झगडणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले. तेव्हा जुना शब्द तेवढा सोन्याचा, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

परंतु कायद्याने जे दिले ते शब्दाने का काढून घ्यावे? महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यातल्या माणसाला कामाचा हक्क दिला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने स्वस्त धान्याला हक्काचे रूप आले. 'हक्कदार' हा सर्वांना कळणारा शब्द हाताशी असताना, हक्काचे घेणाऱ्याला आपण याचकांच्या रांगेत बसवतो.

गंमत अशी, की धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत 'अर्थी'ला आणखी एक अर्थ आहे: न्यायसभेत दावा घेऊन येणारा वादी. समोरचा तो 'प्रत्यर्थी'. हा अर्थ मनात धरून कोणी 'लाभार्थी' म्हणत असेल, तर माझी तक्रार नाही. मात्र मग खिडकीआड बसलेल्या गृहस्थांनी, आपण प्रत्यर्थी आहोत, हेही ध्यानात ठेवावे.