उचलून आत नेलं, पण प्रवेश झाला का?



सुरुवात एका टाळीपासून करतो. आपल्याच भागातलं एक सभागृह, नाव घेत नाही. सिनेमा दाखवण्याचा कार्यक्रम होता. व्हीलचेअरवरचा एक तरुण आला. दाराशी सात पायऱ्या. चार कार्यकर्ते धावले, खुर्चीसकट उचलून त्याला आत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मध्यंतरात तो हळूच म्हणाला, "सर, लघवीला जायचंय. आता पुन्हा त्या चौघांना शोधावं लागेल." त्या दिवसापासून ती टाळी मला टोचते. आज त्या टाळीचीच समीक्षा करायची आहे.

मराठी सिनेमानं अपंगत्वाकडे पाठ फिरवली, असं म्हणता येत नाही. १९९१चा 'चौकट राजा' घ्या. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून आपण सगळे रडलो. अभिनय मोठाच आहे, वाद नाही. पण नंदूसारख्या माणसाची तिथं भूमिका होती, असा माणूस ती करत नव्हता. मग २०१४ मध्ये 'यलो' आला. दिग्दर्शक महेश लिमये, निर्मात्यांमध्ये आपल्या लातूरचे रितेश देशमुख. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ त्यात स्वतःचीच भूमिका करते. राष्ट्रीय पुरस्कारांत सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, गौरीचा विशेष उल्लेख झाला. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिला समजून घेऊन, तिच्या गतीनं काम करणारी माणसं सेटवर असल्याशिवाय असा सिनेमा होतच नाही. म्हणजे बदल आधी कामाच्या जागेत झाला आणि मग पडद्यावर दिसला. आपण पडद्यावरचं तेवढं पाहिलं, डोळे पुसले आणि घरी आलो.

बरं, सोय म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रॅम्प येतो. रॅम्प हवाच. पण २०१६चा अपंग हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मोजतो. कर्णबधिर माणसाला पडद्यावर अक्षरं लागतात. अंध माणसाला ध्वनिवर्णन लागतं, म्हणजे दोन संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते कोणीतरी कानात सांगणं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांमधल्या अशा सोयींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती मुख्यतः थिएटरात लागणाऱ्या चित्रपटांसाठी आहेत. आपल्याकडचा चोखंदळ प्रेक्षक मात्र घडतो तो फिल्म सोसायट्यांत, महाविद्यालयांच्या हॉलमध्ये. तिथं इराणी सिनेमा लागतो, खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात. अंध माणसाला ती दिसत नाहीत. मराठीतून शिकलेल्या कर्णबधिर माणसाला दिसतात, पण उपयोग काय? आणि खरं सांगा, आपल्यातल्याही पुष्कळांची तारांबळ उडतेच की!

उपाय फार दूरचा नाही. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा. त्याला परत बोलवा. एखाद्या विद्यार्थ्यानं सिनेमा आधी दोनतीनदा पाहावा, मराठीत वर्णन लिहून काढावं, मागच्या खोलीतून वाचावं. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत ते साध्या ग्रुप कॉलवरूनही पोचतं. मात्र ती संहिता आधी एखाद्या अंध माणसाकडून तपासून घ्या आणि त्या कामाचे पैसे त्याला द्या. माझा आजचा मुद्दा खरं तर या पैशापाशी आहे.

आपण अपंग माणसाला प्रेक्षक म्हणून बोलावतो, सत्काराला बोलावतो, कामाला बोलावत नाही. राज्य शासन दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेतं, चांगली गोष्ट आहे. मुलं ताकदीनं उभी राहतात. पण ती मुलं मोठी झाल्यावर कुठं जातात? आपल्या हौशी नाट्यसंस्थांत, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, तिकिटाच्या टेबलावर, महोत्सवाच्या समितीत त्यांच्यातलं कोण दिसतं? कायद्याच्या २९व्या कलमात अपंग कलावंतांना आणि लेखकांना साहाय्य देण्याचं म्हटलंय, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम नव्यानं आखण्याचंही म्हटलंय. म्हणजे कायद्यानं त्यांना कलावंत मानलंय. आपण अजून पाहुणे मानतो.

यावर आयोजकांचं ठरलेलं उत्तर असतं, "सर, येतं कोण?" अहो, पत्रिकेवर तुम्ही लिहिता काय? दाराशी पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठं, अक्षरं कोणत्या भाषेत, यातलं काहीच छापलेलं नसतं, मग माणूस कशाच्या भरवशावर निघेल? लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे. प्रेक्षक शोधायला लांब जायला नको. आणि ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपात रात्री धडधाकट झोपलेली माणसं ढिगाऱ्याखालून निघाली ती अपंग होऊन. हा प्रश्न 'त्यांचा' आहे, असं निदान मराठवाड्यानं तरी म्हणू नये.

दुसरं उत्तर पैशांचं. व्यासपीठाच्या फुलांना पैसे असतात, शाली-श्रीफळांना असतात. कार्यक्रम ठरतो त्या बैठकीत सोयीचा खर्च मांडला तर तो निघतो. आदल्या रात्री आठवलं, की मग चार कार्यकर्ते शोधावे लागतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतूरी यांच्या खटल्यात हेच बजावलं. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवर सोडणारा नियम न्यायालयानं कायद्याशी विसंगत ठरवला. किमान निकष बंधनकारक करा, असं सरकारला सांगितलं. 'जमलं तर करू' ही भाषा तिथं संपली. आपल्या समित्यांमध्ये ती अजून चालू आहे.

म्हणून नांदेड-लातूरच्या सगळ्या आयोजकांना एक विनंती. पुढच्या कार्यक्रमाच्या पहिल्याच बैठकीला एक अपंग सदस्य बोलवा, सल्ल्याला नव्हे, मतासकट. पत्रिकेवर खरं छापा. 'सात पायऱ्या आहेत, रॅम्प नाही' असं छापावं लागलं तर लाज वाटेल. वाटू द्या, त्यातूनच रॅम्प होईल.

त्या तरुणासाठी माझी इच्छा एवढीच आहे. त्यानं यावं, कोणाला हाक न मारता आत जावं. आणि सिनेमा रटाळ निघाला, तर तुमच्या-माझ्यासारखं मधूनच उठून निघूनही जाता यावं. तेव्हा टाळ्या वाजवायला दाराशी काही नसेल.