प्रिडेटरचं मत

‘मोटरस्पोर्ट मॅनेजर’मध्ये स्टिअरिंग कधीच आपल्या हातात येत नाही. गाडी ड्रायव्हर चालवतात. टायर कोणते लावायचे, पिटमध्ये कधी बोलवायचं, इंजिन किती ताणायचं एवढं आपण सांगायचं आणि नखं खात बघत बसायचं. प्लेस्पोर्ट गेम्सचा हा गेम 2014मध्ये मोबाइलवर आला, 2016मध्ये सेगाने त्याची मोठी आवृत्ती पीसीवर आणली. मी पीसीवालाच खेळतो, ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर.

या गेमबद्दल कुणी बोललंच तर शर्यतींबद्दल बोलतं. शर्यती छानच आहेत. ट्रॅक अर्धा ओला असताना सुके टायर लावायचे की आणखी एक लॅप थांबायचं, या प्रश्नावर मी घरचे दोन फोन कट केलेत. ड्रायव्हरच्या मुलाखती मात्र चार-पाच शर्यतींत पाठ होतात. पण माझ्या मते गेममधली खरी जागा वेगळीच आहे, आणि लोक ती घाईघाईत क्लिक करून पुढे जातात: नियमबदलाच्या बैठका.

बैठकीत एखादा प्रस्ताव येतो आणि सगळे संघ मत देतात. उदाहरणार्थ, पुढच्या सीझनपासून गिअरबॉक्स ‘स्पेक’ करायचा, म्हणजे सगळ्यांना एकसारखाच. त्यावर कुणी पैसा ओतून पुढे जायचं नाही. मी सुरुवात केली ती युरोपियन रेसिंग सिरीजच्या तळाला असलेल्या प्रिडेटर या संघापासून. कारखाना लहान, खात्यात खडखडाट. असा प्रस्ताव आला की मी डोळे झाकून ‘हो’ म्हणायचो. स्पर्धा ड्रायव्हरची असावी, पाकिटाची नको, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

मग संघ वर चढला. मी डिझाइन सेंटर वाढवलं, चांगला डिझायनर आणला, आणि आमचा गिअरबॉक्स अख्ख्या सिरीजमध्ये एक नंबरचा झाला. त्याच वर्षी गिअरबॉक्स स्पेक करण्याचा प्रस्ताव आला. मी ‘नाही’वर क्लिक केलं. विचारही केला नाही. पुढची शर्यत सुरू झाल्यावर लक्षात आलं की आपण पार्टी बदलली.

खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये हा खेळ जास्त निबर आहे. फेरारीला नियमांवर व्हेटो आहे, आणि जुना संघ म्हणून बक्षिसाच्या रकमेत वेगळा वाटाही मिळत आलाय. आपली फोर्स इंडिया (भारतीय नाव, पण कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला) कमी पैशांत 2016 आणि 2017 अशी दोन वर्षं चौथी आली. त्याआधी 2015मध्ये तिने आणि साउबरने थेट युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती: पैशांची वाटणी आणि नियम ठरवण्याची पद्धत, दोन्ही अन्यायाची आहेत. 2018च्या सुरुवातीला दोघांनी ती मागे घेतली. त्याच जुलैत फोर्स इंडिया प्रशासकाच्या ताब्यात गेली. त्यामागे मालकाच्या स्वतःच्या भानगडीही होत्या, सगळं खापर वाटणीवर फोडता येणार नाही. खर्चाची मर्यादा आली ती 2021मध्ये. तोवर तो संघ दोनदा विकत घ्यावा इतका पैसा मोठे संघ एकेका वर्षात उडवत होते, असं मी चिडून म्हणायचो. आकडा माझा, चीडही माझीच.

गेम इथे वास्तवापेक्षा भला आहे. त्यात व्हेटो कुणालाच नाही. पण त्याची चूकही इथेच आहे. मी ‘नाही’ म्हटल्यावर कुणाचंच काही बिघडलं नाही. माझ्या सेव्हमध्ये एकही संघ बुडाला नाही, कुठल्या मेकॅनिकची नोकरी गेली नाही, तळाच्या संघाचा मालक माझ्याशी भांडायला आला नाही. मतदानाचा निकाल एका पानावर दिसतो आणि पान उलटतं. ज्याच्या विरोधात मत गेलं त्याचा चेहरा दाखवायला एक साधा ईमेलसुद्धा पुरला असता. एरवी दिवसाला दहा ईमेल पाठवतोच की हा गेम.

हे मला का टोचतं, तर ऑफिसमुळे. नवीन लागलो तेव्हा रात्रीची ऑन-कॉल पाळी फक्त ज्युनिअर करायचे. पाळी सगळ्यांना सारखी असावी म्हणून मी मीटिंगमध्ये तावातावाने बोललो होतो. हरलो. यंदा मी सीनिअर झालो आणि तोच मुद्दा एका नव्या मुलीने मांडला. मी म्हणालो, “आत्ता रिलीज जवळ आहे, नंतर बघू.” तिने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा प्रिडेटर घेऊन नवा सेव्ह सुरू केला. पहिल्याच बैठकीत ब्रेक स्पेक करण्याचा प्रस्ताव आला. अर्थातच ‘हो’. जुना सेव्ह डिलीट केलेला नाही. त्यातली पुढची बैठक अजून व्हायची आहे.