अनाथाच्या पोटाचा हिशेब

दिवाळी अंकांतले बालविभाग वाचून मी चिडलो आहे, आणि ही चीड झाकून लिहिण्याची माझी तयारी नाही. पान उलटावं तिथे तोच मुलगा. आईवडील नाहीत, पहाटे पेपर टाकतो, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो, कुणी सज्जन साहेब त्याची फी भरतात, आणि शेवटच्या परिच्छेदात तो कलेक्टर होऊन त्याच गावात येतो. 2021 सालच्या कोविडच्या लाटेत किती मुलांची घरं रिकामी झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर अनाथ मूल बालकथेत परत आलं, हे चांगलंच झालं. पण ज्या रूपात आलं ते मला मान्य नाही.

ग्वाल्हेरच्या आमच्या कंपू भागात मराठी घरांतली मुलं शाळेत हिंदी शिकतात आणि मराठी घरी, जमेल तसं वाचतात. त्यामुळे मराठीतला गोट्या भेटण्याआधी त्यांना हमीद भेटतो. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ 1933 ची. अनाथ मुलाची याहून चांगली गोष्ट माझ्या वाचनात नाही. तिचं मोठेपण आजीच्या अश्रूंत आहे असं वर्गात शिकवतात. मला ते पैशांच्या हिशेबात दिसतं. घरात दोन आणे उरले आहेत: तीन पैसे हमीदच्या खिशात, पाच आजी अमीनाच्या बटव्यात. शिवणाचे आठ आणे आले होते, ते गवळणीच्या तगाद्यात गेले. जत्रेतली मातीची खेळणी दोन-दोन पैशांना. आजीसाठी घ्यायच्या चिमट्याचे दुकानदार आधी सहा सांगतो, मग पाच, आणि मुलगा तीन विचारून पुढे चालू लागतो. सहा वर्षांच्याही वाचकाला कळतं की मिठाई घेतली तर चिमटा नाही. आणि हमीद साधुसंत नाही. मित्रांच्या भिश्ती-शिपायांना आपला चिमटा कसा लोळवील हे तो हिरिरीने पटवतो, त्याला जिंकायचं असतं. त्याचा त्याग आणि त्याची ईर्षा एकाच कातडीत राहतात.

मराठीत या जातीचा मुलगा ना. धों. ताम्हनकरांनी दिला. गोट्या अनाथ आहे, परक्या घरात आश्रयाला आहे, तरी तो आश्रितासारखा वागत नाही. तो खोड्या करतो, उलट बोलतो, मोठ्यांचा ढोंगीपणा त्याला चटकन दिसतो आणि दिसला की तो गप्प बसत नाही. राजदत्तांच्या दूरदर्शन मालिकेमुळे पुढच्या पिढीलाही तो माहीत झाला. ताम्हनकरांचं घर मध्यमवर्गीय, सुरक्षित आहे, भूक तिथे फारशी शिरत नाही, ही मर्यादा मला मान्य. पण उपकाराखाली मान न वाकवणारा अनाथ त्यांनी लिहिला, आणि आजच्या लेखकांना तेच जमत नाही.

याच्याही मागे जा. मराठी मुलांना ठाऊक असलेली सर्वांत जुनी अनाथ भावंडं म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, गावाने वाळीत टाकलं, माधुकरीवर दिवस काढले. मुक्ताई मांडे करायला निघते, खापर आणायला कुंभारवाड्यात जाते आणि विसोबा चाटी तिला खापर मिळू देत नाही. कुंभाराच्या दारातून रिकाम्या हाताने परतणारी ती मुलगी, इथवर ही गोष्ट विलक्षण आहे. भावाला गोड खाऊ घालायची इच्छा आणि साधं मातीचं भांडं नाकारणारं गाव. पुढे मांडे भाजायला ज्ञानदेवांची पाठ तापते आणि चमत्कार त्या मुलीला गिळून टाकतो. श्रद्धेला माझा विरोध नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याने मात्र त्या परतीच्या वाटेवर थांबायला हवं होतं. सातशे वर्षांत फार थोडे थांबले.

हॅरी पॉटरच्या वळणाने लिहिलेल्या जादूच्या कादंबऱ्यांबद्दल एवढंच म्हणतो: बँकेच्या तळघरात सोन्याचा ढीग असलेला अनाथ या लेखाचा विषय नाही. साने गुरुजींनी ‘सायलस मार्नर’वरून केलेली ‘मनूबाबा’ गोड आहे आणि गोडच राहते. पण ‘श्यामची आई’ला केवळ रडवणारं पुस्तक म्हणणाऱ्यांनी ते पुन्हा वाचावं. श्याम अनाथ नाही, तरी त्या घरातल्या गरिबीला कारण आहे: भाऊबंदकी, सावकार, कर्ज, वसुलीला दारात आलेला माणूस. गरिबी कुठून आली हे मुलाला सांगता येतं, ते 1935 साली छापून झालं आहे. आणि प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’, 1979 चं. ते बालसाहित्य म्हणून कुणी लिहिलं नाही, पण आईवडील गेलेल्या, बहिणीच्या घरी वाढणाऱ्या मुलाला रोजचा घास कसा मोजून मिळतो, कुणाची नजर चुकवावी लागते, हे त्यात जसं आहे तसं एकाही बालकथेत नाही.

आता मूळ प्रश्न. या जिद्दीच्या कथा लिहिल्या जातात कुणासाठी? अनाथ मुलासाठी नाहीत. बालगृहातल्या मुलीने ही कथा वाचली तर तिला कळेल काय? की फी भरणारा साहेब भेटला नाही, तर दोष तिच्या जिद्दीचा. या कथा दात्यासाठी आहेत, त्याचं मन निवावं म्हणून. आम्हा ग्वाल्हेरकरांना दात्याची गोष्ट नीट माहीत आहे. 1843 मध्ये शिंद्यांच्या गादीवर आठ-नऊ वर्षांच्या भगीरथरावाला दत्तक घेतलं आणि तो जयाजीराव झाला. आमच्या घरांत ही गोष्ट परीकथेसारखी सांगतात. त्याच वर्षी 29 डिसेंबरला महाराजपूर आणि पनियारला इंग्रजांशी लढाया झाल्या, आणि त्यांच्या मुळाशी त्या मुलाच्या नावाने कारभार कुणी करायचा हे भांडण होतं. मूल उचलून घेणाऱ्या हाताला स्वतःची गरज असते, हे सांगायला मराठी बालकथा का घाबरते?

आणि विषय कमी आहेत का? कायद्याने मूल अठरा वर्षांचं झालं की बालगृहाचं दार त्याच्यासाठी बंद होतं. त्या रात्री ते झोपतं कुठे? फॉर्मवर जात कोणती लिहायची हे ठाऊक नसलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राने 2018 मध्ये एक टक्का समांतर आरक्षण आणलं. जात आणि आडनाव नसलेली मुलगी त्या अर्जाच्या खिडकीसमोर उभी आहे, ही कादंबरी कुठे आहे? कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे केंद्राने दहा लाखांची तरतूद केली, ती रक्कम हाती पडते तेविसाव्या वर्षी. तोवर त्या पैशांवर डोळा ठेवून असलेले काका-मामा कुणी लिहिले? ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयासमोरच्या टपऱ्यांवर कप विसळणारी मुलं मी रोज पाहतो. ती एकमेकांना शिव्या देतात, पैसे लपवतात, धाकट्याला आधी खाऊ घालतात, आणि उद्याबद्दल त्यांचं मत पक्कं असतं. त्यांच्यातला एकही जण मला छापील पानावर दिसलेला नाही.

संपादकांना माझी विनंती आहे. पुढच्या अंकासाठी अनाथ मुलाची कथा हाती आली की आधी लेखकाला विचारा: हा मुलगा दुपारी काय जेवला, ते कुणी दिलं, आणि बदल्यात काय घेतलं? याचं उत्तर कथेत नसेल तर कथा परत पाठवा.