सगळेच जेडाय झाले तेव्हा

ऑनलाइन गेममधला एखादा क्लास कुलूपबंद असला की खेळाडूंत दोन तट पडतात. एक तट विचारतो, पैसे सगळ्यांनी सारखेच भरले, मग हा क्लास आम्हाला का नाही? दुसऱ्याचं म्हणणं, घाम न गाळता मिळाला तर त्याला किंमत काय राहील? २००३ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये हे भांडण दोन्ही टोकांपर्यंत गेलं.

या गेमचा काळ पहिल्या सिनेमानंतर लगेचचा, म्हणजे जेडाय जवळपास संपलेले. पण लाइटसेबर तर प्रत्येकालाच हवं! निर्मात्यांनी तोडगा काढला : जेडाय होता येईल, कसं ते मात्र सांगायचं नाही. गेममध्ये तीसहून अधिक पेशे होते. प्रत्येक कॅरेक्टरसाठी त्यातल्या काहींची गुप्त यादी ठरलेली. ते पेशे पूर्ण शिकलात की दार उघडणार.

गंमत म्हणजे हे पेशेच या गेमचा जीव होते. शस्त्रं खेळाडूच बनवायचे, कपडे खेळाडूच शिवायचे. लढून शिणलेला सैनिक कॅन्टिनामध्ये येऊन बसायचा, नाच पाहायचा आणि त्याचा शीण खरोखर उतरायचा. म्हणजे नाचणाऱ्यावाचून लढणाऱ्याचं अडत होतं.

मग होलोक्रॉन आले. यादीतला पेशा ते सांगू लागले आणि नोव्हेंबर २००३मध्ये पहिला जेडाय झाला. गुपित फुटलं. एका वेळी मोजकेच पेशे जवळ ठेवता येत असल्यामुळे लोक आवडीचा पेशा टाकून नावडता शिकू लागले. कॅन्टिनात नाच चालूच होता, पण मॅक्रो लावून. नाचवणारा स्क्रीनसमोर असेलच असं नाही. कालपर्यंत कुणाची ओळख असलेला पेशा आज दुसऱ्या कुणाची पायरी झाला.

सुरुवातीचा जेडाय तीनदा मेला की कायमचा संपायचा. त्यामुळे शक्ती लपवून जगावं लागे. मला हा नियम सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण यात दुर्मिळपणाची किंमत जेडाय स्वतः मोजतो. खेळाडूंनी याविरुद्ध ओरड केली आणि नियम सैल झाला. किंमत गेली, मिरवणं राहिलं.

नोव्हेंबर २००५मध्ये कंपनीने दुसरं टोक गाठलं. पेशे नऊवर आणले आणि जेडाय पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना खुला केला. जुने खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले. ते केवळ जेडाय स्वस्त झाला म्हणून नव्हे; अनेकांनी वर्षानुवर्षं घडवलेलं काम रातोरात पुसलं गेलं होतं. डिसेंबर २०११मध्ये गेम बंद झाला. त्याला इतरही कारणं होती, पण ही जखम कधी भरली नाही.

दोन्ही तटांनी विचार केला तो दारातून आत जाणाऱ्याचाच. बाहेर राहणाऱ्या शिंप्याचं, डॉक्टरचं काय होतं, हे कुणी फारसं विचारलं नाही. माझ्या मते कुलूपबंद क्लासची खरी परीक्षा तिथेच आहे. तो न मिळालेल्या माणसाला आपलं काम करत तिथे आनंदाने राहता येतं का? तुमच्या फोनवरच्या गेममध्ये हे कुलूप कदाचित पैशाने उघडत असेल. तिथेही हाच प्रश्न विचारून बघा.

चाहत्यांनी पुढे खटपट करून हा गेम पुन्हा उभा केला. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयत्नाने २००५च्या बदलांआधीचा गेम निवडला. जिथे बहुतेक जण जेडाय नव्हते, तो.