आत्मकथनानंतरचे काम : फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्या निमित्ताने

आपल्या मुस्लिम मराठी साहित्यात मार खाणारी स्त्री आहे, तलाकपीडित स्त्री आहे, तिच्या बाजूने भाषण करणारा सुधारकही आहे. तिचा अर्ज लिहून देणारी, तिच्याबरोबर कोर्टाच्या बाकावर दिवसभर बसणारी बाई मात्र जवळजवळ नाही. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आणि रझिया पटेल यांचे ‘चाहूल’ ही आपल्या घरातली मोलाची आत्मकथने. पण त्यांचे मोल चळवळीच्या अंगाने आहे. चळवळ ओसरल्यावर उरणाऱ्या रोजच्या कामाचा शोध घेताना आम्हाला घराबाहेरचे एक पुस्तक हाती घ्यावे लागले.

फ्लेव्हिया ॲग्नेस यांचे ‘माय स्टोरी, अवर स्टोरी’ १९८४ साली मुंबईच्या विमेन्स सेंटरने काढले. ‘परवाज’ या नावानेही ते ओळखले जाते. नवऱ्याचा वर्षानुवर्षांचा मार आणि त्यातून बाहेर पडणे, एवढाच त्याचा विषय. भाषा साधी आहे, कुठे रडगाणे नाही. आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते शीर्षक. माझी कथा, आमची कथा. पुस्तकात पहिली सांगून झाली. दुसरी लिहायला लेखिकेला पुढची सगळी हयात लागली, आणि ती कथनाच्या रूपात उतरलीच नाही. वकिलीची पदवी, १९८८पासून मुंबई उच्च न्यायालयातली वकिली, मधुश्री दत्त यांच्यासह उभी केलेली ‘मजलिस’, अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी ‘राहत’, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी ‘मोहीम’. परवाज, मजलिस, राहत, मोहीम : एका ख्रिस्ती बाईने आपल्या कामाला दिलेली ही नावे आपल्या घरच्या बोलीतली आहेत, हे सहज नोंदवून ठेवतो.

त्यांच्या ख्रिस्ती असण्याला इथे अर्थ आहे. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पत्नीला केवळ छळ हे कारण पुरत नसे. नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ही अट २००१ साली गेली. मुस्लिम स्त्रीला मात्र १९३९च्या कायद्याने नवऱ्याची मारहाण हे निकाह रद्द करून घेण्याचे कारण म्हणून दिले होते. किती घरांत हे ठाऊक आहे? आपल्या कथा-कादंबऱ्यांत ‘तलाक’ हा शब्द नेहमी पुरुषाच्या तोंडी येतो. १९३९चा कायदा हातात घेऊन कोर्टाची पायरी चढणारी नायिका आमच्या तरी वाचनात नाही.

फ्लेव्हियाबाईंचा आग्रह असा की तोंडी तलाकवर सगळा उजेड पडला की राहते घर, खावटी, मेहर, मुले हे प्रश्न अंधारात राहतात. म्हणूनच २०१९च्या तलाक कायद्यातल्या तुरुंगवासाला त्यांनी विरोध केला. हा विरोध सर्वांना पटणार नाही, आम्हाला पटतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा धर्म विचारत नाही. २०१४ साली एका मुस्लिम स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विवाह तुटला तरी त्याआधी झालेल्या हिंसेची दाद मागता येते. ‘तलाक दिला, आता माझा संबंध संपला’ या उत्तराला हा निकाल जवाब आहे.

उणीव आहे ती लेखनात. त्यांची पुढची पुस्तके इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत. तिथे बाई ‘अर्जदार’ होते. १९८४च्या पुस्तकातला आवाज पुन्हा ऐकू येत नाही. शिवाय हे काम मुंबईच्या कोर्टाच्या सावलीत वाढले. ते वरोरहून कसे दिसेल? डहाणू तालुक्यातले हे किनाऱ्यावरचे गाव. कायद्याप्रमाणे अर्ज दंडाधिकाऱ्याकडे, पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. कागदावर हे उत्तम आहे. पण वरोरच्या बाईला आधी वाणगाव गाठायचे, मग गाडी, पदरात मूल, बुडालेला रोज, आणि संध्याकाळी परत त्याच घरी. तिच्याबरोबर कोण येणार, हे कलमात लिहिलेले नसते.

वरोरच्या शेजारी चिंचणी. तिथे सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात (शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६) संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरब मुसलमान अधिकाऱ्याची नोंद आहे. मधुमती हे त्याचे तिथले नाव. ‘मुहम्मद’चे ते संस्कृत रूप असावे असे अभ्यासक मानतात. त्याने नदी ओलांडणाऱ्यांसाठी फुकट होडीची सोय केली आणि अन्नछत्र घातले. त्यात भात, कालवण, तूप मिळे, इतका तपशील तांब्यावर कोरला आहे. खिदमतीची इतकी बारकाईची नोंद त्या काळी कुणाला तरी करावीशी वाटली. या किनाऱ्यावरच्या एखाद्या संरक्षण अधिकारी बाईची रोजची डायरी मराठीत आली, तर ती कुठल्या साहित्यप्रकारात बसते याची चौकशी न करता आम्ही ती वाचू.